‘कर’ लागतो तो गाव सोडल्यावर

इंदूरला विमानानं उतरलात तर विमानतळ देवी अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा. क्रिकेट बघायला गेलात तर होळकर स्टेडियम. विज्ञान शिकायचं असेल तर १८९१ साली निघालेलं होळकर कॉलेज. शहराच्या मधोमध सात मजली राजवाडा आहे, तो होळकरांचा; खान नदीच्या काठी देखण्या छत्र्या आहेत, त्याही होळकरांच्याच. हे नाव या शहरात इतक्या ठिकाणी भेटतं की ते माळव्याच्या काळ्या मातीतच उगवलं असावं असं वाटतं.

आता नकाशा काढा आणि इंदूरच्या आसपास ‘होळ’ नावाचं गाव शोधा. सापडायचं नाही. बोट दक्षिणेकडे सरकवा. नर्मदा ओलांडा, सातपुडा उतरा, तापी ओलांडा, मग गोदावरी, मग भीमा. सरळ रेषेत मोजलं तरी पाचशे किलोमीटरांच्या पुढे गेल्यावर नीरा नदी लागते, आणि तिच्या काठी, जेजुरीच्या खंडोबापासून फार लांब नाही अशा जागी, होळ सापडतं. पठारावरचं साधं खेडं. कॉलेज, स्टेडियम, राजवाडा, या सगळ्यावर नाव कोरलंय ते या खेड्याचं.

इतक्या लांब हे नाव गेलं कसं? त्याआधी त्याहून साधा प्रश्न विचारू: ते ‘होळकर’ झालं कधी?

होळ गावात राहून कुणी होळकर म्हणवून घेईल का? तिथं तर सगळेच होळचे. पाटील, कुलकर्णी, धनगर, सुतार, महार, वाणी, सगळ्यांची चूल एकाच गावात. त्या गावात एखाद्याला ‘होळकर’ म्हणून हाक मारली तर निम्मा गाव वळून बघेल. माणूस वेस ओलांडून दुसऱ्या गावी पोचतो, तिथं कुणीतरी विचारतं, ‘कुठला रे तू?’, तो सांगतो, ‘होळचा’, आणि त्या क्षणी ‘कर’ जन्माला येतो. पार्सलावर डाव्या कोपऱ्यात पाठवणाऱ्याचा पत्ता असतो ना, तसं हे आडनाव. पार्सल कुठं पोचलं ते त्यावरून कळत नाही, निघालं कुठून ते कळतं.

म्हणजे बघा, आपल्याकडे गावावरून पडलेल्या आडनावांचे जे हजारो लोक आहेत त्या प्रत्येकाच्या घराण्यात कधीतरी कुणीतरी गाव सोडलेलं आहे. सरकारदप्तरी नोंद असो नसो, आडनावात ती नोंद आहे. दुष्काळ असेल, भाऊबंदकी असेल, नोकरी असेल, लढाई असेल. कारण विसरलं गेलं, निघाल्याचं ठिकाण तेवढं राहिलं.

हे आपल्याच डोक्यातून निघालेलं खूळ आहे असं मात्र समजू नका. हॉलंडमधले लोक अगदी हेच करतात. फक्त आपण शेपटी मागे लावतो, ते पुढे लावतात. आपला ‘कर’, त्यांचा ‘व्हॅन’. सूर्यफुलं रंगवणारा व्हॅन गॉग हा हॉलंडचा अभिमान. पण त्याच्या आडनावातलं ‘गोख’ हे गाव आज हॉलंडच्या सरहद्दीपलीकडे, जर्मनीत आहे! आणखी एक उदाहरण घ्या. उत्रेख्त शहराजवळ द बिल्ट नावाचं एक गाव आहे. सतराव्या शतकाच्या मध्यावर तिथला यान आर्टसन नावाचा एक माणूस बांधील मजूर म्हणून समुद्र ओलांडून अमेरिकेत गेला. न्यूयॉर्क तेव्हा न्यू ॲम्स्टरडॅम होतं. तिथं तो द बिल्टचा, म्हणून ‘व्हॅन दर बिल्ट’. त्याचा वंशज कॉर्नेलियस १७९४ साली स्टेटन आयलंडवर जन्मला, होडीतून उतारू नेता नेता आगबोटींचा आणि मग रेल्वेचा सम्राट झाला, आणि त्याच्या देणगीतून १८७३ साली नॅशव्हिलमध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठ उभं राहिलं. डच खेड्याच्या नावाचं विद्यापीठ अमेरिकेत, नीरेकाठच्या खेड्याच्या नावाचं कॉलेज माळव्यात. दोन्ही गावांना विचारलं असतं तर दोन्ही गावं हसली असती.

एक फरक मात्र मोठा आहे. हॉलंडवर नेपोलियनचा अंमल बसला तेव्हा १८११ साली फर्मान निघालं: प्रत्येक कुटुंबानं आपलं आडनाव नोंदवावं. अनेकांना आडनाव आधीपासून होतंच; ज्यांना नव्हतं त्यांना कचेरीत जाऊन एक पक्कं करावं लागलं. आपल्याकडे असं फर्मान कुणी काढलं नाही. माणूस एका पिढीत कुळाच्या नावानं, दुसऱ्या पिढीत वतनाच्या नावानं, तिसऱ्या पिढीत गावाच्या नावानं ओळखला जाई, आणि त्यात कुणाला वावगं वाटत नसे. मग यांतलं एकच नाव कायमचं चिकटलं ते कशामुळे? इथंच खरी गंमत सुरू होते, आणि ती बघायला इंदूरइतकी चांगली जागा नाही. मराठीतली तीन जगप्रसिद्ध ‘कर’ आडनावं या शहराच्या पंचवीस किलोमीटरांच्या टापूत एकमेकांना भेटतात, आणि तिन्ही वेगवेगळ्या तऱ्हेनं पक्की झालेली आहेत.

पहिलं होळकर. १६ मार्च १६९३ रोजी मल्हाररावांचा जन्म झाला. वडील खंडोजी, धनगर. मूल जेमतेम तीन वर्षांचं असताना वडील गेले. आईनं मुलाला उचललं आणि थेट खानदेशात तळोद्याला आपल्या भावाकडे, भोजराज बारगळांकडे, नेलं. नीरेच्या काठावरून तापीच्या खोऱ्यात. एका विधवा बाईनं लहान मुलाला घेऊन केलेला तो प्रवास डोळ्यांपुढे आणून बघा. पुढचं सगळं साम्राज्य त्या पायपिटीला लटकलेलं आहे. तळोद्याच्या घरात सगळे बारगळ. हा पोरगा तेवढा होळचा. वेगळं काढून दाखवायला ‘होळकर’ हेच नाव सोयीचं.

लहानपणी मेंढरं राखताना तो झोपला असता नागानं फणा धरून सावली केली, अशी कथा आहे. ही कथा इतक्या घराण्यांत आहे की त्या काळच्या नागांना दुसरं काही काम होतं की नाही अशी शंका येते. त्यापेक्षा मला मामाची पागा जास्त महत्त्वाची वाटते. भोजराज सरदार कदम बांड्यांच्या पदरी थोडे स्वार बाळगून होते. मेंढरांमागचा मुलगा त्या पागेत शिरला, भाला चालवायला शिकला, मामानं आपली मुलगी गौतमाबाई त्याला दिली, आणि १७२१च्या सुमारास तो पहिल्या बाजीरावाच्या नजरेत भरला.

लष्कराच्या नोकरीत आडनावाला एक नवं काम मिळतं. फौजेत मल्हारी शंभर असतील. कोणत्या मल्हारीचे स्वार किती, कुणाला किती रोजमुरा, कुणाच्या नावे कोणता मुलूख, हे मोडी लिपीत कागदावर उतरलं की नाव पुढच्या कागदावरही तसंच यावं लागतं, नाहीतर हिशेब कोसळतो. मामाच्या घरात बोलण्यापुरतं असलेलं नाव पेशव्यांच्या दप्तरात गेलं आणि गोठलं. पुढच्या दहा-बारा वर्षांत मराठ्यांनी माळवा जिंकला. महसुलाच्या वाटण्या झाल्या. १७३४ साली खुद्द गौतमाबाईंच्या नावे खासगी जहागीर निघाली. सनदेवर उतरलेलं आडनाव मग कोण बदलणार?

गमतीची गोष्ट म्हणजे माळव्यात मल्हाररावांच्या खांद्याला खांदा लावून लढणाऱ्या दुसऱ्या दोन मोठ्या घराण्यांनी गावाचं नाव घेतलंच नाही. राणोजी शिंदे सातारा भागातल्या कण्हेरखेडचे. त्यांचं कुळाचं नाव टिकलं, नाहीतर ग्वाल्हेरात आज ‘कण्हेरखेडकर पॅलेस’ बघायला तिकीट काढावं लागलं असतं. तिसरे पवार. त्यांनी धार आणि देवास घेतलं. आणि पवारांची परंपरा सांगते की ते मूळचे परमार, म्हणजे राजा भोजाच्या धारचेच! माळव्यातून दक्खनेत उतरलेलं कूळ काही शतकांनी मराठी बोलत, मराठी झेंडा घेऊन आपल्याच जुन्या राजधानीत परत शिरलं, अशी ती कथा.

याच परंपरेची आणखी एक फांदी आहे. परमारांची एक शाखा फलटणजवळच्या निंबळक गावी येऊन राहिली आणि तिथून ‘निंबाळकर’ झाली, असं फलटणचं घराणं सांगतं. शिवाजी महाराजांच्या सईबाई या घरातल्या. निंबळक नीरेच्याच खोऱ्यातलं, होळच्याच मुलखातलं. हे लक्षात ठेवा आणि आता माझ्याबरोबर एक क्रिकेटचा धावफलक बघा.

रणजी करंडकाचा १९४५-४६चा हंगाम. म्हैसूरविरुद्ध होळकर संघ. होय, संघाचं नावच होळकर, आडनावाचा संघ! होळकरांनी ८ बाद ९१२वर डाव घोषित केला. एका डावात सहा जणांची शतकं. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमधला तो विक्रम. शतकवीर कोण? भांडारकर, सरवटे, जगदाळे, सी. के. नायडू, निंबाळकर आणि प्रतापसिंग. त्यातल्या भाऊसाहेब निंबाळकरांवर बोट ठेवा. धारमधून नीरेकाठी गेल्याचं सांगणारं आडनाव, नीरेकाठून इंदूरला आलेल्या आडनावाच्या संघाकडून, धारपासून फार लांब नाही अशा जागी खेळतंय. सातशे वर्षांची येरझार एका धावफलकावर! शेजारच्या भांडारकरांना मात्र या खेळात धरू नका. त्यांचा ‘कर’ भांडाराकडे, म्हणजे कोठाराकडे बोट दाखवतो, गावाकडे नाही. सगळेच ‘कर’ गावाचे नसतात, हे सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर कुणीतरी नकाशावर भांडार शोधत बसायचं.

आदल्याच हंगामात तर याच संघाकडून अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध नाबाद २४९ धावा केल्या होत्या त्या डेनिस कॉम्प्टननं, इंग्लंडच्या. त्याला होळ कुठं आहे ते ठाऊक असायचं काहीच कारण नव्हतं.

आता इंदूरच्या रस्त्यावर उतरा आणि पाट्या वाचा. तुम्ही मराठी असाल तर पहिल्याच पाटीवर डोळा अडखळेल. ‘होलकर’. ळ गेला! हिंदीच्या प्रमाण लिखाणात ळ वापरत नाहीत, म्हणून त्याच्या जागी ल बसला. नवल याचं की खुद्द या मुलखाच्या माळवी आणि निमाडी बोलींमध्ये ळ आहे. खेड्यातला म्हातारा तो सहज उच्चारेल. अडचण छापणाऱ्याची आहे. इंग्रजीत तर ल आणि ळ दोघांना मिळून एकच अक्षर, त्यामुळे तिथं प्रश्नच मिटला. इंदुरातल्या मराठी घरांत मात्र आजही होळकरच म्हणतात, आणि पाटीकडे बघून जीभ चावत नाहीत. दोन्ही त्यांना आपलीच.

होळहून निघालेल्या घराण्यानं सोबत आणखी एक गोष्ट आणली, ती म्हणजे देव. जेजुरीचा खंडोबा हे होळकरांचं कुलदैवत. घरातली नावं बघा: बाप खंडोजी, मुलगा मल्हारी, नातू खंडेराव. तीन पिढ्या एकाच देवाच्या नावांनी हाका मारतायत. इंदूरच्या राजवाड्यात मल्हारी मार्तंडाचं देऊळ आहे, आणि उलट दिशेनं जेजुरीच्या गडावर होळकरांनी केलेलं बांधकाम आहे. गाव आडनावात बसून गेलं, देव नावात बसून गेला.

दुसरं आडनाव लष्करातून आलेलं नाही, ते रंगभूमीवरून आलं.

२८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदूरच्या सिख मोहल्ल्यात एक मुलगी जन्मली. नाव हेमा, पुढे लता. आडनाव मंगेशकर. गोव्यातलं मंगेशी कुठं आणि इंदूर कुठं! वडील दीनानाथ हे बलवंत संगीत मंडळीचे गायक नट; १९०० साली मंगेशीला जन्मलेले. त्यांचे वडील गणेशभट मंगेशाच्या देवळात अभिषेक करणारे पुजारी. आई येसूबाई देवळाशी जोडलेल्या कलावंत समाजातल्या. अशा मुलाला बापाचं आडनाव लावू देण्याची त्या वेळी रीत नव्हती. मग या मुलानं काय केलं? गावाचंच नाव घेतलं. बापाचं घर नाकारू शकतं, जात नाकारू शकते, गाव कसं नाकारेल? गाव सगळ्यांचं. नाटकाच्या जाहिरातीवर ‘मंगेशकर’ छापलं गेलं आणि पक्कं झालं, पेशव्यांच्या सनदेइतकंच पक्कं.

आणि थांबा, हे इथं संपत नाही. ज्या देवामुळे गावाला मंगेशी म्हणतात तो देवही मूळचा तिथला नाही! मंगेशाचं जुनं देऊळ झुवारी नदीच्या काठी कुशस्थळीला, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीला होतं. पोर्तुगिजांनी देवळं पाडायला सुरुवात केली तेव्हा १५६०मध्ये भक्तांनी लिंग उचलून नदीपलीकडे, पोर्तुगीज अमलाबाहेर, प्रियोळला नेलं. देव स्थलांतरित, त्याच्या नावावरून वस्तीचं नाव मंगेशी, वस्तीवरून आडनाव मंगेशकर, आणि ते आडनाव घेऊन नाटक कंपनीबरोबर हिंडणाऱ्या घरातलं मूल इंदुरात जन्मतं. एका आडनावात किती प्रवास साठलेत, मोजा.

तिसऱ्या आडनावासाठी इंदूरबाहेर वीसेक किलोमीटरांवर महूला जावं लागतं. महूची छावणी का आहे? तिचा धागाही होळकरांकडेच जातो. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांच्या फौजेचा इंग्रजांनी पराभव केला. ६ जानेवारी १८१८ला मंदसौरचा तह झाला. त्या तहानंतर दोन गोष्टी घडल्या. होळकरांची राजधानी भानपुऱ्याहून इंदूरला आली, आणि तिच्या उशाशी महूला इंग्रजी फौजेची छावणी बसली. या लढाईत आणि तहात पुढे असलेल्या जॉन माल्कमनं नंतर मध्य हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिला, आणि होळकर हे नाव होळ गावावरून आलं ही माहिती त्यानं त्यात नोंदवून ठेवली. ज्याचं राज्य निम्मं केलं त्याच्या आडनावाची चौकशी करणारा विजेता, असा तो प्रकार.

त्या छावणीतल्या लष्करी शाळेत सुभेदार रामजी सकपाळ शिक्षक होते. तिथं १४ एप्रिल १८९१ला भीमराव जन्मले. कुळाचं नाव सकपाळ. मूळ गाव आंबडवे, रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात. रामजी निवृत्त झाले, कुटुंब महू सोडून दापोलीला आणि पुढे साताऱ्याला गेलं, आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात मुलाचं नाव चढलं: भिवा रामजी आंबेडकर. महाराष्ट्रात तो दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. आंबडवेवरून खरं तर आंबडवेकर व्हायचं. शाळेतल्या आंबेडकर आडनावाच्या एका ब्राह्मण शिक्षकाच्या जिव्हाळ्यातून ते ‘आंबेडकर’ झालं, अशी आठवण सांगितली जाते.

त्या वर्गातलं दृश्य डोळ्यांपुढे आणा. एकच आडनाव, फळ्यापाशी ब्राह्मण शिक्षक, आणि इतरांपासून वेगळ्या बसवलेल्या मुलाच्या कपाळीही तेच. ‘कर’मध्ये ही ताकद आहे. नुसत्या गावाच्या नावावरून जात खात्रीनं सांगता येत नाही, कारण वेशीबाहेर ठेवलेला माणूसही त्याच गावचा असतो. आडनाव ऐकताच जात ताडायची आपल्याकडच्या मंडळींना मोठी हौस. गावावरून पडलेल्या आडनावानं त्यांची पुष्कळदा फजिती केली आहे, आणि मला त्याचा आनंद होतो.

पुढचं तर सगळ्यांवर कडी. २००३ साली महूचं नाव बदललं: डॉ. आंबेडकर नगर. आंबडवे हे गाव, गावावरून आडनाव, आणि त्या आडनावावरून पुन्हा गाव! कोकणातल्या डोंगरातलं नाव चक्कर मारून माळव्याच्या पठारावर परत गावाच्याच रूपात उभं राहिलं, तेही सकपाळांच्या घरी तो मुलगा जन्मला होता त्याच जागी. रेल्वेच्या तिकिटावरही ते छापून येतं.

एक दप्तरात, एक नाटकाच्या जाहिरातीवर, एक शाळेच्या रजिस्टरात. आडनाव गोठवणारा नेपोलियन आपल्याकडे असा तीन वेगळ्या वेषांत आला.

बायकांचं काय? त्यांच्या आडनावाचा प्रवास पुरुषांहून वेगळा आणि बहुधा दुप्पट. ज्या नावानं विमानतळ ओळखला जातो त्या अहिल्याबाई जन्मानं शिंदे, नगर भागातल्या चौंडीच्या. चौंडी ते महेश्वर हा त्यांचा पल्ला. आणि त्यांच्यामुळे होळकर हे नाव काशी विश्वनाथाच्या देवळापर्यंत पोचलं, मल्हाररावांच्या तलवारीनं पोचलं असतं त्याहून फार टिकाऊ रीतीनं. आणखी एक नाव ऐका. १९२८ साली नर्मदेकाठच्या बडवाहला तुकोजीराव होळकर तिसरे यांचं लग्न झालं. वधू सिएटलची, नॅन्सी मिलर. लग्नाआधी नाशिकला तिला हिंदू करून घेतलं, धनगर समाजात दत्तक घेतलं, आणि ती शर्मिष्ठादेवी होळकर झाली. नीरेकाठच्या ज्या खेड्यातून एक विधवा पोराला घेऊन निघाली होती, त्या खेड्याचं नाव आता पॅसिफिक महासागराकाठून आलेल्या बाईला लागलं.

इंदुरातली बाकीची मराठी घरंही अशीच पत्ते घेऊन बसली आहेत. चित्रकार मकबूल फिदा हुसेन आणि ना. श्री. बेंद्रे ज्यांच्या हाताखाली शिकले ते इथल्या कलाशाळेचे गुरुजी द. दा. देवळालीकर, नाशिकजवळचं देवळाली त्यांच्या सहीत. आणि उलटंही होतं. माळव्यात पिढ्या काढून पुन्हा दक्षिणेकडे वळलेल्यांना तिकडच्या लोकांनी विचारलं, ‘कुठले?’ आणि इंदूरकर, धारकर, बुऱ्हाणपूरकर तयार झाले. शहराचं नाव इंद्रेश्वर महादेवावरून पडलं असं मानतात. तेव्हा इंदूरकरांच्या आडनावातही, मंगेशकरांसारखाच, एक शंकर बसलेला आहे. शेजारच्या बोहरा व्यापाऱ्यांनी ‘कर’ऐवजी ‘वाला’ घेतला आणि रतलामवाला झाले. शेपूट निराळी, कारखाना तोच.

आता तुमच्या आडनावात ‘कर’ असेल आणि मूळ गाव कुठलं याची हुरहूर लागली असेल तर एक उपाय आहे. नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या घरी जुन्या वह्या असतात. यात्रेला आलेल्या घराण्यांच्या नोंदी त्यात पिढ्यान्‌पिढ्या लिहिल्या आहेत: कोण आलं, सोबत कोण, बापाचं, आज्याचं, पणज्याचं नाव, राहणार कुठले. कधी खाली खुद्द पणज्याच्या हातची वळणदार मोडी सही. दक्षिण महाराष्ट्रात आणि बेळगावकडे हेळवी याच कामासाठी दारी येतात आणि वंशावळ वाचून दाखवतात. गुरुजी बैठकीवर बसवतात, चष्मा पुसतात आणि दोनच गोष्टी विचारतात: आडनाव काय, गाव कोणतं?

इथं एक घोळ होऊ शकतो. तुम्ही आजचं आडनाव सांगाल, आणि वही त्याच्याही आधीच्या आडनावानं लावलेली असेल. होळकरांचं जुनं आडनाव वीरकर आणि त्याहून जुनं ठिकाण खेड तालुक्यातलं वाफगाव, असं सांगितलं जातं. म्हणजे तोही ‘कर’च, आणि होळही वाटेवरचाच मुक्काम! दीनानाथांच्या वडिलांच्या घरचं नाव हर्डीकर, म्हणजे पुन्हा ‘कर’. आंबेडकरांच्या खाली मात्र सकपाळ. तेव्हा नाशिकला निघण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला गाठा आणि विचारून घ्या, आपण त्याआधी कोण होतो.